तंबोऱ्याचा सांधा

मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास फरीदसाहेब सतारमेकरांपासून सांगितला जातो. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. माझा शोध मात्र सांध्याचा आहे. स्पॅनिश गिटारमध्ये बाजूच्या पातळ फळ्या मानेच्याच खाचांत शिरतात. तंबोऱ्यात भोपळा शेतातला, दांडी लाकडाची. दोहोंना लाकडी गळा जोडतो, सरस धरून ठेवतो. ऊब आणि ओलाव्याने सरस सुटतो, म्हणूनच जुने वाद्य खोलून दुरुस्त करता येते. वर कोरीव पाने बसली की सांधा झाकतो. कारागिराचे श्रेयही तसेच झाकले गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले. सांधा मात्र हातांतच टिकतो. त्या हातांची नोंद गवयांच्या चरित्रांइतक्याच आस्थेने व्हावी.