एका टाकीचे बाप-लेक

दर रविवारी मी फिश टँकमधलं चौथा हिस्सा पाणी नळीने बादलीत उतरवतो आणि आदल्या रात्री भरून ठेवलेलं ताजं पाणी सोडतो. टाकीत हिरवळ दाट असताना हा खटाटोप कशाला? याचा माग काढता काढता दोन रॉबर्ट वॉरिंग्टन भेटले. बाप आणि लेक.

झाडं हवा शुद्ध करतात हे प्रीस्टलीने 1771 मध्ये पुदिन्याच्या डहाळीवर दाखवलं होतं. त्याला ऊन लागतं हे इंगेनहाउझने 1779 मध्ये. तीच गोष्ट पाण्यात आजमावली थोरल्या वॉरिंग्टनने. तो लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. 1849 मध्ये त्याने काचपात्रात वाळू, चिखल, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची रोपं आणि दोन छोटे गोल्डफिश ठेवले. मासे मजेत होते, पण जुनी पानं कुजली, पाणी गढुळलं, काचेवर बुळबुळीत थर धरला. मग त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी निवळलं.

अ‍ॅक्वेरियमचा जन्म मी इथेच मानतो. झान व्हिलप्रू-पॉवरने 1832 मध्येच सिसिलीत काचेच्या टाक्यांत समुद्री जीव पाळले होते, हे खरं. तो मान तिचाच. पण पाणी स्वतःच स्वतःला सांभाळेल, हा विचार वॉरिंग्टनचा. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला निसर्गअभ्यासक गॉसने. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजायची जागा, आपला हाळच!

मात्र गोगलगायीने खाल्लेलं विष्ठेवाटे पाण्यातच उतरतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. त्याचं पुढे काय होतं, हे शोधलं धाकट्याने. रोथॅमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत त्याने अमोनियाच्या द्रावणात थोडी माती घातली आणि दाखवलं, की जिवाणू दोन टप्प्यांत काम करतात: अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. ते जिवाणू वेगळे काढणं त्याला साधलं नाही. ते विनोग्राडस्कीने 1890 मध्ये केलं.

अभ्यासक म्हणतील, धाकट्याला वाट दाखवली श्लोझिंग आणि म्युंट्झच्या 1877 च्या सांडपाण्यावरच्या प्रयोगाने. असेल. पण बापाने टाकी मांडली तेव्हा हा पोरगा दहा-अकरा वर्षांचा होता. गढुळलेलं पाणी निवळताना त्याने पाहिलंच असणार, आणि तो प्रश्न तिथूनच त्याच्या मनात रुजला असणार, असं मला ठाम वाटतं.

माझ्या टाकीतली झाडं अमोनिया आणि नायट्रेट शोषतात, पण मासे जितकं खातात तितकं नाही. उरलेलं साचत जातं. रविवारी सकाळी नायट्रेट तपासताना परीक्षानळीतला रंग केशरी येतो. बादली रिकामी करून ताजं पाणी भरलं, की पुढची नळी पिवळीकडे झुकते.