डॉक्टरेट पातळीवरील पाठ्यक्रम : शैक्षणिक नेतृत्व, वित्तशास्त्र व प्रगत परिचर्या

डॉक्टरेट पदवीच्या प्रबंधास हात घालण्यापूर्वी, किंवा त्याच्या बरोबरीने, विद्यार्थ्याने पूर्ण करावयाच्या नियोजित अध्ययनास डॉक्टरेट पातळीवरील पाठ्यक्रम अथवा, विद्यापीठांतील रूढ भाषेत, कोर्सवर्क म्हणतात. व्याख्याने, चर्चासत्रे, संशोधनपद्धतीचे वर्ग व लेखी परीक्षा हे त्याचे नेहमीचे घटक होत; व्यवसायाशी निगडित पदव्यांत त्यांना प्रत्यक्ष कामाच्या तासांची जोड असते. ब्रिटिश परंपरेत विद्यार्थी नोंदणीपासूनच मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एकाच विषयावर काम करीत आला आणि पदवीचा निर्णय बहुतांशी प्रबंधावर होत आला, तर अमेरिकेत प्रबंधापूर्वी दोन-तीन वर्षांचे पद्धतशीर अध्ययन हा पदवीचा अविभाज्य भाग बनला. येल विद्यापीठाने 1861 मध्ये अमेरिकेतील पहिल्या पीएच.डी. पदव्या दिल्या, 1876 मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मन विद्यापीठांतील चर्चासत्राची पद्धत उचलली आणि पुढे ती इतर विद्यापीठांत पसरली.

या पद्धतीचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनाचे (1913–1916) आहे. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6 आणि तत्त्वज्ञानाचे 5 अभ्यासक्रम घेतले. मानवशास्त्र व राज्यशास्त्राचे अभ्यासक्रम त्याखेरीज. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला व 1927 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. मध्यवर्ती सरकारने प्रांतांना आधी ठरावीक रकमा नेमून देणे, मग काही महसूल त्यांच्याकडे सोपवणे आणि शेवटी महसुलाची वाटणी करणे असे टप्पे त्यांनी त्यात तपासले आहेत. आकड्यांमागील प्रशासकीय इतिहास आणि सत्तासंबंध उलगडण्याची ही दृष्टी केवळ अर्थशास्त्राच्या वर्गांतून आलेली दिसत नाही. विस्तृत पाठ्यक्रमाने प्रबंधाला काय मिळते, याचा याहून चांगला दाखला क्वचितच सापडेल.

वित्तशास्त्राच्या पीएच.डी.मध्ये आज साधारणपणे पहिली दोन वर्षे पाठ्यक्रमाची असतात. सूक्ष्म अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक संबंधांचे सांख्यिकीय मापन करणारे शास्त्र) यांचा पाया घातल्यावर विद्यार्थी मत्तामूल्यन, म्हणजे शेअर, रोखे इत्यादींच्या किमती कशा ठरतात याचा अभ्यास, आणि कंपनी-वित्त, म्हणजे कंपनीने भांडवल कसे उभारावे व कोठे गुंतवावे याचा अभ्यास, या दोन शाखांकडे वळतो. दुसऱ्या शाखेचा आरंभ बहुधा फ्रँको मोदिल्यानी व मर्टन मिलर यांच्या 1958 च्या सिद्धान्ताने होतो. कर, दिवाळखोरीचा खर्च आणि माहितीतील विषमता नसलेल्या आदर्श बाजारात कंपनीचे मूल्य तिने कर्ज किती व भागभांडवल किती घेतले यावर अवलंबून नसते, असे तो सांगतो. प्रत्यक्षात असा बाजार कोठेही नाही, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु एकेक गृहीतक काढून टाकले की पुढचा एकेक सिद्धान्त कसा उभा राहतो, हे दाखवण्यासाठी तो अपरिहार्य ठरतो. कराचा परिणाम दाखवणारी दुरुस्ती तर त्याच दोघांनी 1963 मध्ये केली.

चर्चासत्रात विद्यार्थ्याला प्रसिद्ध झालेला एखादा शोधनिबंध देऊन त्यातील कोष्टके मूळ आकडेवारीवरून पुन्हा तयार करावयास सांगतात. कमी कर्ज असलेल्या कंपन्या अधिक नफ्यात आहेत असे आकडे दाखवत असतील, तर कर्ज कमी म्हणून नफा अधिक की नफा भरपूर असल्याने कर्जाची गरजच कमी, हा प्रश्न त्याला सोडवावा लागतो. कार्य आणि कारण असे परस्परांत गुंतलेले असण्यास अर्थमितीत अंतर्जातता म्हणतात, आणि तिच्यातून वाट काढणे हेच या दोन वर्षांचे खरे शिक्षण होय. शेवटी सर्वंकष परीक्षा होते व ती उत्तीर्ण झाल्यावरच प्रबंधाचा मार्ग मोकळा होतो. अर्थात नव्या विषयाला जुनी चौकट पुरतेच असे नाही. हॅरी मार्कोविट्झ यांनी शिकागो विद्यापीठात गुंतवणुकीच्या निवडीवर, म्हणजे परतावा व जोखीम यांचा एकत्रित विचार करण्यावर, प्रबंध सादर केला, तेव्हा हे अर्थशास्त्र नव्हेच असा आक्षेप मिल्टन फ्रीडमन यांनी तोंडी परीक्षेत घेतला होता. पदवी मिळाली आणि 1990 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्कोविट्झ यांना मिलर व विल्यम शार्प यांच्यासह देण्यात आले.

शैक्षणिक नेतृत्वाचा पाठ्यक्रम प्रामुख्याने मुख्याध्यापक आणि जिल्ह्यातील सर्व शाळांचा कारभार पाहणारे अधीक्षक यांच्यासाठी असतो. हार्वर्ड विद्यापीठात 1920 मध्ये शिक्षणशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा स्थापन झाली आणि तिने एड.डी. (शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट) ही पदवी सुरू केली. शिक्षणविषयक कायदा, संघटनासिद्धान्त, मनुष्यबळ व्यवस्थापन व मूल्यमापन या विषयांबरोबर शालेय वित्त हा यातील भरीव विषय आहे. अमेरिकेत शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागवला जात असल्याने श्रीमंत वस्तीतील शाळेला अधिक आणि गरीब वस्तीतील शाळेला कमी पैसा मिळतो. टेक्सासमधील अशा विषमतेविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला आणि शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही असा निर्वाळा दिला. तेव्हापासून हे दावे मुख्यतः राज्यांच्या न्यायालयांत लढवले गेले, म्हणून शाळा चालवणाऱ्याला अंदाजपत्रकाइतकीच आपल्या राज्याच्या घटनेचीही जाण असावी लागते.

एड.डी. पदवीवर टीका पुष्कळ झाली आणि ती निराधार नव्हती. पीएच.डी.सारखाच प्रबंध, पण दर्जाने उणा, अशी तिची अवस्था अनेक ठिकाणी झाली होती. आर्थर लेव्हिन यांनी 2005 च्या अहवालात शाळाप्रमुखांसाठी एड.डी. बंदच करावी असे सुचवले. त्यावर पदवी मोडीत काढण्याऐवजी तिची पुनर्रचना करण्यासाठी 2007 मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानच्या पाठिंब्याने विद्यापीठांचा एक संयुक्त प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून व्यवहाराधिष्ठित प्रबंधाची कल्पना पुढे आली : विद्यार्थ्याने स्वतःच्याच संस्थेतील एखादी अडचण, जसे की गैरहजेरी किंवा नव्या शिक्षकांची गळती, घेऊन तिच्यावरील उपाय अमलात आणावा व त्याचा परिणाम मोजावा.

संशोधनाची डॉक्टरेट व व्यवसायाची डॉक्टरेट वेगळ्या असाव्यात का, हा प्रश्न परिचर्येत (नर्सिंगमध्ये) अधिक तीव्रतेने उभा राहिला, कारण तेथे निर्णयाचा परिणाम रुग्णाच्या जिवावर होतो. परिचर्या हे स्वतंत्र ज्ञानक्षेत्र आहे हे विद्यापीठांना पटण्यास वेळ लागला आणि दरम्यान अनेक परिचारिकांनी शिक्षणशास्त्रात वा सामाजिक शास्त्रांत डॉक्टरेट मिळवली. पुढे परिचर्येची स्वतःची पीएच.डी. संशोधनासाठी प्रस्थापित झाली, तर प्रत्यक्ष रुग्णसेवेसाठी डीएनपी ही व्यावसायिक डॉक्टरेट केंटकी विद्यापीठाने 2001 मध्ये सुरू केली. अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने 2004 मध्ये ठराव केला की प्रगत परिचर्येचे शिक्षण 2015 पर्यंत पदव्युत्तर पातळीवरून डीएनपीवर न्यावे. ती मुदत सर्वत्र पाळली गेली नाही. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत मात्र 2022 पासून नवा प्रवेश डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमातच देण्याचे बंधन आले.

प्रगत विकृतिक्रियाविज्ञान (रोगात शरीराच्या कार्यात होणारे बदल), औषधविज्ञान आणि शारीरिक तपासणी हा प्रगत परिचर्येचा गाभा होय. डीएनपीत त्यावर जीवसांख्यिकी, साथरोगविज्ञान, आरोग्यधोरण, माहिती-व्यवस्थापन आणि रुग्णालयीन वित्त यांची भर पडते, आणि संघटनेच्या 2006 च्या निकषांत पहिल्या पदवीनंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाच्या किमान 1000 तासांची अट होती. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांचा 2002 चा अभ्यास या वर्गांसाठी उत्तम वाचन आहे. पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांच्या या पाहणीत असे आढळले की परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण अधिक सोपवला गेला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू होण्याची संभाव्यता 7 टक्क्यांनी वाढते. हा आकडा वाचण्याचीही एक शिस्त आहे. शंभरांत सात मृत्यू अधिक असा त्याचा अर्थ होत नाही, तर मृत्यू होणे व न होणे यांच्या गुणोत्तरातील ती वाढ आहे. शिवाय पाहणी एका काळापुरती असल्याने कार्यकारणभाव सिद्ध झाला असेही थेट म्हणता येत नाही. एवढे समजल्यावर डीएनपीची विद्यार्थिनी रुग्णालयीन वित्ताच्या वर्गात वाढीव पदांचा वेतनखर्च एका बाजूला आणि टळलेल्या गुंतागुंती व कमी झालेला मुक्काम दुसऱ्या बाजूला मांडून व्यवस्थापनापुढे ठेवण्याजोगा प्रस्ताव तयार करते. तिन्ही शाखांतील पाठ्यक्रमांचे खरे नाते येथे दिसते : पैसा किंवा माणसे कोठे लावायची हे ठरवण्याआधी पुरावा पारखण्याची सवय लावणे, हेच त्या सर्वांचे काम आहे.

डीएनपीच्या अखेरीस प्रबंधाऐवजी प्रकल्प असतो. उदाहरणार्थ, मूत्रमार्गातील नळी (कॅथेटर) गरजेपेक्षा अधिक दिवस राहिल्यास जंतुसंसर्ग होतो, म्हणून ती अजून हवी का याची नोंद रोज करणे आणि ठरलेले निकष पूर्ण होताच ती काढण्याची मुभा परिचारिकेस देणे, अशी पद्धत एका वॉर्डात लागू करून दर 1000 नळी-दिवसांमागे संसर्ग किती झाले हे आधी व नंतर मोजले जाते. यातून नवे ज्ञान निर्माण होत नाही, असा पीएच.डी.च्या बाजूने आक्षेप घेतात. तो वस्तुस्थिती म्हणून खरा असला तरी दोष म्हणून टिकत नाही. माहीत असलेला उपाय वॉर्डात रुजवणे ही वेगळी विद्या आहे आणि तिचे मोजमापही वेगळेच असावयास हवे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी पीएच.डी.साठी कोर्सवर्क सक्तीचे केले. 2022 च्या विनियमांनुसार ते किमान 12 श्रेयांकांचे असते आणि त्यात संशोधन व प्रकाशन यांच्या नीतिनियमांचा विषय अनिवार्य आहे. हे प्रमाण अमेरिकेतील दोन वर्षांच्या मानाने अल्प असून त्याचा भर संशोधनपद्धतीवर आहे. परिचर्येत पीएच.डी.ला चालना देण्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेने बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने राष्ट्रीय संघ स्थापन केला. अतिदक्षता विभागातील स्वतंत्र निर्णयक्षमतेचे शिक्षण मात्र परिषदेने आखलेल्या दोन वर्षांच्या निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमातून दिले जाते. रुग्णसेवेतील कौशल्य व संशोधनपद्धती यांची सांगड डॉक्टरेटच्या पाठ्यक्रमात घालावयाची, तर श्रेयांकांत रुग्णालयातील तासांना जागा द्यावी लागेल आणि त्या तासांवर देखरेख करू शकतील अशा डॉक्टरेटधारक परिचारिका महाविद्यालयांबरोबर वॉर्डांतही नेमाव्या लागतील.