लष्करी नुकसानी

लष्करी नुकसानी : सैन्याच्या सरावाने, वाहतुकीने किंवा वास्तव्याने खाजगी मालमत्तेस पोहोचणारी हानी व तिच्या भरपाईचे शासनाचे उत्तरदायित्व. फौजेचा उपसर्ग रयतेस होऊ नये ही चिंता महाराष्ट्रास नवी नाही. चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस शिवाजी महाराजांनी धाडलेल्या पत्रात दाणा-वैरण बळाने न घेण्याची ताकीद तर आहेच, पण पेटती वात उंदराने नेल्यास गवताच्या गंजी जळतील, इतका बारीक इशाराही आहे.

भारतात या विषयाचा सर्वांत सुस्पष्ट कायदा म्हणजे लष्करी डावपेच, मैदानी गोळीबार व तोफखाना-सराव यांसंबंधीचा १९३८ चा अधिनियम होय. राज्य शासनाने अधिसूचनेद्वारा प्रदेश व मुदत जाहीर केल्यावर तेथे सराव करता येतो. मात्र राहती घरे व देवस्थाने वर्ज्य असतात, आणि उभ्या पिकाची वा बांधाची जी खराबी होईल तिची भरपाई, कोणाची हयगय सिद्ध करण्याचे ओझे शेतकऱ्यावर न टाकता, सरकारने द्यावयाची असते. त्यासाठी जिल्हाधिकारी फौजेबरोबर महसुली अंमलदार पाठवितात व तो जागेवरच चौकशी करून रक्कम ठरवितो.

अशा सरावाबाहेर लष्करी ट्रकाने भिंत पाडली तर मात्र मामला बिकट होतो, कारण तेथे सरकार मुळात जबाबदार आहे का, हाच प्रश्न उभा राहतो. १८६१ साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या पी. अँड ओ. या आगबोट कंपनीच्या दाव्यात, खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजुरांनी वाहून नेत असलेला लोखंडी भाग खाली टाकला, त्या आवाजाने बुजून कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला, आणि ३५० रुपयांच्या या नुकसानीवरून सरकारची सार्वभौम कृत्ये (ज्यांबद्दल ते जबाबदार नसते) व इतर कृत्ये असा भेद कायद्यात रूढ झाला. राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाने ती जुनी स्थिती पुढे चालू ठेवल्यामुळे, अपघाताच्या वेळी ट्रकात काय भरले होते, यावर निवाडे झाले : सिमल्याच्या लष्करी मुख्यालयास कोळसा नेणाऱ्या ट्रकाबद्दल केंद्र सरकार जबाबदार ठरले, तर ‘जमुना’ या नौदलाच्या जहाजासाठी वायू नेणाऱ्या ट्रकाबद्दल ठरले नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला हा भेद पटणे कठीणच. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली नागेंद्र राव खटल्यात या भेदाची धार पुष्कळ बोथट केली, परंतु देशसंरक्षणासारखी कार्ये अपवादातच राहिली.

दिवाणी दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमान्वये सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने ती अट शिथिल होते.