‘म्बुबे’ ते ‘विमोवे’ : एका गाण्याचे कर्तेपण

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यास लेखनिकाचे प्रमाद नित्य परिचयाचे असतात. ध्वनिमुद्रिकेच्या युगात त्यांची जागा श्रवणाच्या प्रमादाने घेतली. दक्षिण आफ्रिकेतील एका गाण्याच्या इतिहासात असा प्रमाद मूळ कर्त्याला चांगलाच महागात पडला.

१९३९ मध्ये जोहान्सबर्ग येथे गॅलो कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात सॉलोमन लिंडा यांनी आपल्या ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ या गायकवृंदासह ‘म्बुबे’ हे झुलू गाणे गायिले. म्बुबे म्हणजे सिंह. शब्द अगदी मोजके. खालच्या पट्टीतील पुरुषस्वर एकच आवर्तन घोळवीत राहतात आणि त्यांवर लिंडांचा उंच आवाज स्वैर फिरतो. अखेरीस त्यांनी आयत्या वेळी सुचलेली एक छोटी स्वरावली घेतली. पुढे जगाच्या तोंडी बसली ती हीच. लिंडांना मिळालेला मोबदला अवघा दहा शिलिंग होता, असे सांगितले जाते. पुढील दहा वर्षांत या ध्वनिमुद्रिकेच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या.

अ‍ॅलन लोमॅक्स यांच्याकडून ही तबकडी अमेरिकेत पीट सीगर यांच्या हाती आली. ती ऐकून त्यांनी स्वरलेखन केले. ‘उयिम्बुबे’चे ‘विमोवे’ झाले. ‘द वीव्हर्स’ने १९५१ मध्ये ते मुद्रित केले. श्रेय मात्र ‘पॉल कॅम्पबेल’ या टोपणनावाला गेले, कारण गाणे लोकगीत समजले गेले. सीगर यांनी लिंडांना १००० डॉलर धाडल्याचे नमूद आहे. १९६१ मध्ये जॉर्ज वाइस यांनी त्याच स्वरावलीवर इंग्रजी शब्द बसविले आणि ‘द टोकन्स’च्या आवाजात ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. श्रेयनामावलीत वाइस, पेरेटी व क्रिएटोर ही तीन नावे होती. लिंडा १९६२ मध्ये विपन्नावस्थेत निवर्तले.

‘लोकगीत’ ही संज्ञा येथे निरागस राहिलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (जात्यावरच्या ओव्यांचे आपले अनेक संग्रह संपादकाच्या नावाने ओळखले जातात, गाणाऱ्या बायांची नावे त्यांत शोधावी लागतात, हेही सांगितले पाहिजे.) ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते लोकगीत, हे ठीक, पण इथे कर्त्याचे नाव तबकडीवरच छापलेले होते.

२००० मध्ये रायन मलान यांच्या दीर्घ लेखाने हा इतिहास उजेडात आणला. ‘द लायन किंग’ या १९९४ च्या चित्रपटात गाणे वापरले गेले होते. म्हणून २००४ मध्ये डिस्नेविरुद्ध दावा दाखल झाला. लिंडांच्या वारसांनी हक्क सोडल्याचे कागद प्रतिपक्षाकडे होते. वकील ओवेन डीन यांनी आधार घेतला तो १९११ च्या ब्रिटिश स्वामित्वहक्क कायद्याचा : कर्त्याने हयातीत विकलेले हक्क त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी वारसांकडे परततात. म्हणजे १९८७ पासून. हाच कायदा काही फेरफारांसह १९१४ मध्ये हिंदुस्थानात लागू झाला होता आणि १९५७ चा कायदा अमलात येईपर्यंत टिकला. फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. मागील मानधन वारसांना मिळाले आणि सहसंगीतकार म्हणून सॉलोमन लिंडा हे नाव त्या गाण्यापुढे लागले.