आठ दिवसांचे औषध : किरणोत्सारी आयोडिन, परळ आणि मांजर

१/
बहुतेक औषधे कपाटात ठेवली तर वर्ष-दोन वर्षे टिकतात. आयोडिन-१३१ या औषधाची निम्मी शक्ती मात्र दर आठ दिवसांनी आपोआप नाहीशी होते. थायरॉइडच्या विकारांवर ते माणसांना ८० वर्षांहून अधिक काळ, तर मांजरांना ४० वर्षांहून अधिक काळ दिले जात आहे. या औषधाचा इतिहास बॉस्टनमध्ये सुरू होतो आणि तुर्भ्यामार्गे परळपर्यंत येतो. थ्रेड.

२/
प्रथम आयोडिनविषयी. १८११ मध्ये फ्रान्समधील बर्नार कुर्त्वा याला समुद्रशैवालाच्या राखेत हे मूलद्रव्य सापडले. १८२० मध्ये जिनिव्हाचा वैद्य क्वांदे याने ते गलगंडावर वापरले. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत आयोडिन असते, हे १८९६ च्या सुमारास ऑयगेन बाउमान याने दाखवून दिले. ही ग्रंथी रक्तातील आयोडिन वेचून साठवते आणि त्यापासून संप्रेरक तयार करते. शरीरातील अन्य कोणताही अवयव आयोडिनचा एवढा संचय करत नाही.

३/
ग्रंथीच्या या हव्यासाचा उपयोग करून घेण्याची कल्पना एका प्रश्नातून आली. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी बॉस्टनमध्ये एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचे वैद्यांपुढे व्याख्यान झाले. भौतिकशास्त्र वैद्यकासाठी काय करू शकेल, हा त्याचा विषय होता. थायरॉइड विभागाचे तरुण डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी तेथे विचारले : आयोडिन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल काय?

४/
उत्तर होकारार्थी होते. हर्ट्झ आणि भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स यांनी सशांवर प्रयोग केले. त्यांच्या हाती तेव्हा आयोडिन-१२८ होते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, अवघा २५ मिनिटांचा. ग्रंथी हे आयोडिन शोषून घेते, एवढे त्यातून सिद्ध झाले. उपचारासाठी मात्र हा काळ फारच तोकडा होता.

५/
त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली येथे डॉ. जोसेफ हॅमिल्टन यांचीही हीच अडचण होती. रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबॉर्ग यांनी त्यांना विचारले, किती अर्धायुष्य असलेले आयोडिन हवे? साधारण आठवडाभराचे, असे उत्तर मिळाले. १९३८ मध्ये सीबॉर्ग आणि जॉन लिव्हिंगुड यांना आयोडिन-१३१ सापडले. त्याचे अर्धायुष्य होते आठ दिवस! पुढे सीबॉर्ग यांच्या आईवरही याच समस्थानिकाने उपचार झाले.

६/
१९४१ मध्ये हर्ट्झ यांनी अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णाला पहिल्यांदा किरणोत्सारी आयोडिन दिले. ते सायक्लोट्रॉनवर बनलेले, महाग आणि अत्यल्प होते. महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४६ पासून अमेरिकेतील ओक रिज येथील अणुभट्टीतून वैद्यकासाठी समस्थानिके मिळू लागली. बॉम्बसाठी उभारलेल्या यंत्रणेतून आता रुग्णालयांकडे औषध जाऊ लागले.

७/
हे औषध काम कसे करते? रुग्ण ते गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपात गिळतो. रक्तात शिरलेले आयोडिन थायरॉइड स्वतःच ओढून घेते. तेथे त्यातून बाहेर पडणारे बीटा कण ऊतींमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे बिघडलेल्या पेशी जागच्या जागी नष्ट होतात आणि आसपासचे अवयव बचावतात. उरलेले आयोडिन मुख्यतः लघवीवाटे निघून जाते. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, गळ्यावर व्रण नाही.

८/
आता भारताकडे वळू. आठ दिवसांचा हिशेब मांडून पाहावा. १०० भाग औषध परदेशातून निघाले आणि वाटेत, बंदरात, कागदपत्रांत १६ दिवस गेले, तर हाती २५ भाग उरतात. २४ दिवसांनी साडेबारा. धान्य किंवा यंत्रे साठवून ठेवता येतात, हे औषध येत नाही. ज्या देशाला ते नियमित हवे, त्याला ते विमानाने सतत मागवावे लागते किंवा जवळ बनवावे लागते.

९/
४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईतील तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. १९६० मध्ये कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली ‘सायरस’ सुरू झाली आणि समस्थानिकांचे उत्पादन वाढले. आयोडिन-१३१ मिळवण्यासाठी टेल्युरियम हे मूलद्रव्य अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉन शोषलेल्या टेल्युरियमच्या विघटनातून आयोडिन तयार होते आणि ते रासायनिक प्रक्रियेने वेगळे काढले जाते.

१०/
होमी भाभांचे नाव घेतले की वीज आणि बॉम्ब आठवतात. वैद्यकाची बाजू सहसा मागे पडते. १९४१ मध्ये परळला सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. लगेच १९६३ मध्ये परळलाच ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ स्थापन झाले. औषध तुर्भ्यात आणि रुग्ण परळमध्ये : आठ दिवसांचे कोडे एकाच शहराच्या हद्दीत सुटले.

११/
याचा लाभ शहरापुरता राहिला नाही. परळ मध्य रेल्वेवर आहे. कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावातून निघालेला माणूस सुमारे दोन तासांत तेथे पोहोचू शकतो. परतीचा प्रवास मात्र विचार करून करावा लागतो. औषध घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरातून काही दिवस गॅमा किरण बाहेर पडत असतात. म्हणून लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यापासून अंतर राखण्याची सूचना दिली जाते. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या कर्जत लोकलमध्ये अंतर कसे राखणार? म्हणूनच गर्दीची वेळ टाळणे हाही या उपचाराचाच भाग ठरतो.

१२/
आता मांजर. १९७९-८० मध्ये न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथील पशुवैद्यांनी वृद्ध मांजरांतील एका आजाराचे वर्णन केले. मांजर अधाशासारखे खाते, तरी रोडावत जाते. बेचैन असते, ओकते, हृदय जोरात धडधडते. माणसातील अतिक्रियाशील थायरॉइडचीच ही लक्षणे होती. १९८३ मध्ये मार्क पीटरसन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्ण-मांजरांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. योगायोग असा, की त्यांतील मांजरांची संख्या होती १३१.

१३/
माणसांचे औषध मांजरांना देऊन पाहिले आणि ते विलक्षण लागू पडले. त्वचेखाली एकच इंजेक्शन. १९९५ मध्ये ५२४ मांजरांच्या उपचारांचा अहवाल आला. बहुसंख्य मांजरे एकाच मात्रेत बरी झाली होती. दुसरा मार्ग रोजच्या गोळ्यांचा. त्यांनी संप्रेरक आटोक्यात राहते, पण ग्रंथीतील गाठ तशीच राहते. शिवाय मांजराला रोज गोळी भरवणे म्हणजे काय, हे ज्याचे हात ओरबाडले गेले आहेत त्याला सांगायला नको.

१४/
मांजरात हा उपचार इतका नेमका का ठरतो? त्याच्या ग्रंथीत बहुधा साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी असतात आणि त्या संप्रेरकाचा पूर आणतात. तो पाहून मेंदूलगतची पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला आदेश देणे थांबवते. निरोगी पेशी त्यामुळे झोपी जातात आणि आयोडिन फारसे घेत नाहीत. आदेश न मानणाऱ्या गाठीच ते ओढतात आणि नष्ट होतात. पुढे झोपलेल्या पेशी जाग्या होऊन कामाला लागतात. माणसाच्या ग्रेव्हज आजारात संपूर्ण ग्रंथीच चेतवलेली असते. म्हणून अनेक रुग्णांना नंतर आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते.

१५/
अडचण उपचारानंतरची आहे. माणसाला अंतर राखा असे सांगता येते. मांजर मांडीवर येऊन बसणारच. म्हणून किरणोत्सार ठरावीक पातळीखाली येईपर्यंत त्याला वेगळ्या कक्षात ठेवतात. त्याची लघवी आणि शौचपेटीतील माती यांचीही स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. त्यासाठी परवाना, मोजणीची उपकरणे आणि प्रशिक्षित माणसे लागतात. इंजेक्शन क्षणाचे असते, पण त्यामागची व्यवस्था मोठी असते.

१६/
ही सावधगिरी अनाठायी नाही. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर हेच आयोडिन-१३१ कुरणांवर पडले आणि गाईंच्या दुधातून मुलांच्या पोटात गेले. ग्रंथीने सवयीप्रमाणे तेही वेचून घेतले. पुढील वर्षांत त्या प्रदेशातील हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. ग्रंथीचा हव्यास तोच होता. मोजून दिलेल्या मात्रेत तो रुग्णाला तारतो. मोकाट सुटलेल्या आयोडिनपुढे तोच मुलांना घातक ठरला.

१७/
शेवटी पुन्हा परळ. रेडिएशन मेडिसिन सेंटर जेथे आहे, त्याच परळमध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशु रुग्णालय आहे आणि १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तेथलेच. माणसाच्या थायरॉइडचे आणि मुक्या जनावरांच्या दुखण्याचे शास्त्र एकाच परिसरात वाढले. बॉस्टनमध्ये प्रश्न विचारणारा वैद्य आणि उत्तर देणारा भौतिकशास्त्रज्ञ जवळ आले, तेव्हा हा उपचार जन्मला. तुर्भे आणि परळ जवळ होते, म्हणून तो येथे रुजला. आठ दिवसांत निम्मे होणारे औषध दूरच्या माणसासाठी थांबत नाही. मांजरासाठी तरी ते का थांबेल?

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #मुंबई