लोणारची धार : काळा खडक, गोडं पाणी आणि दीडशे वर्षांचा गैरसमज

डोणगावात उभं राहून लोणारवर बोलायचं म्हणजे घरच्या माणसांना घरचीच गोष्ट सांगण्यासारखं आहे. मेहकर ओलांडलं, सुलतानपूरहून वळलं की लोणार आलंच. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी लहानपणी धारेखाली अंघोळ केलेली असणार. गोमुखातून पडणारं ते पाणी, खाली कुंड, भोवती जुनी देवळं. धबधबा म्हणून पाहायला गेलात तर तो काही मोठा नाही. सह्याद्रीतले लोक हसतील. पण भर मे महिन्यात, आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या असताना ही धार चालू असते, आणि आपल्या भागात ही फार मोठी गोष्ट आहे.

आता हे पाणी येतं कुठून? काशीहून येतं असं म्हणणारे आहेत, श्रद्धेला माझी हरकत नाही. पण खडकाकडे बघा. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. या प्रदेशाला भूशास्त्रात दक्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतला, अर्थ जिना, पायऱ्या. लोणारच्या कड्यात असे सहाएक थर मोजता येतात. एक थर कठीण, त्याच्या माथ्याचा भाग सच्छिद्र, कुजलेला, कुठे लाल गेरूसारखा पट्टा. ज्यांनी विहीर खोदली आहे त्यांना हे मी सांगायला नको. काळा लागला की पाणी थांबतं, मऊ थरात ते आडवं चालतं. पठारावर पडलेला पाऊस असा आत मुरतो, आडवा सरकतो, आणि जिथे कडा त्या थराला कापतो तिथे बाहेर पडतो. धार ती हीच. या पाण्यानं ईशान्येचा काठ चिरून तळ्यापर्यंत घळ पाडली आहे.

इथे खरा पेच सुरू होतो. खडक ज्वालामुखीचा, मध्ये जवळजवळ गोल खड्डा, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. बघणारा काय म्हणेल? हे ज्वालामुखीचं तोंड. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली, आणि पुढे आलेल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ज्वालामुखीचीच री ओढली. १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्टी यांनी लोणारवर सविस्तर लिहिलं, तेव्हाही कौल त्याच बाजूला होता. त्यांना मूर्ख समजू नका हं. उल्केनं एवढा खड्डा पडू शकतो हेच त्या काळी फारसं कुणाला पटत नव्हतं. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं ॲरिझोनातल्या खड्ड्याबद्दल लिहिताना लोणारशी असलेलं साम्य सांगितलं. गंमत अशी, की तो स्वतः ॲरिझोनाचा खड्डाही उल्केचा नाही या निष्कर्षाला आला होता! साम्य अचूक पकडलं, निष्कर्ष चुकला.

खरं तर पुरावा धारेच्या वाटेवरच आहे. लाव्ह्याचे थर पठारावर आडवे असतात. लोणारच्या काठाशी मात्र ते वर उचललेले, बाहेरच्या अंगाला कललेले दिसतात. ताज्या लाव्ह्याचा मागमूस नाही. १९७३ साली फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख ‘सायन्स’ मासिकात आला. तळ्यात छिद्रं घेऊन काढलेल्या खडकात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं होतं. प्रचंड धक्क्यानं खनिजाची स्फटिकरचना मोडून त्याची न वितळता काच झाली की त्याला हे नाव देतात. ज्वालामुखीत तेवढा दाब येत नाही. १८२३ ते १९७३, बरोबर दीडशे वर्षं. चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टचेच, त्यामुळे अपोलोनंतर लोणारला एकदम जागतिक महत्त्व आलं.

वय मात्र अजून वादात आहे. एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं निघतात, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीनं ५ लाख ७० हजार. दसपटीहून जास्त फरक! मला दुसरी मोजणी अधिक पटते, पण फलकांवर तुम्हाला बहुधा पहिलाच आकडा दिसेल. कुठलाही धरा, खड्डा पडला तेव्हा इथला लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली होती.

लवणासुराची कथा सर्वांना ठाऊक आहे. विष्णूनं त्याच्या विवराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. यावरून ‘आपल्या पूर्वजांना उल्का माहीत होती’ असं कृपा करून म्हणू नका. कथेचं नाव लवणावरून आहे, म्हणजे लोकांचं लक्ष मिठावर होतं. आणि ते साहजिक आहे. अबुल फझलनं ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाडाचं वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे. इथे काच आणि साबणासाठी लागणारं साहित्य मिळतं, सरकारला त्यातून उत्पन्न होतं, आणि ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, असं तो सांगतो. महसूल आणि तीर्थ एकाच परिच्छेदात. क्षाराचे दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी असे प्रकार इथल्या लोकांनी ओळखून ठेवले होते. पापडखार आणि बांगड्यांची काच यांच्यासाठी हा माल जायचा.

गोडी धार ज्या तळ्यात जाते ते खारं कसं, हे पोरं नेहमी विचारतात. समुद्राचा काही संबंध नाही. तळ्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी खडकातून क्षार घेऊन येतं, ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षांच्या या हिशेबात तळ्याचा सामू साडेदहाच्या आसपास गेला. कमळजा देवीजवळची सासू-सुनेची विहीर, एका बाजूला गोडी आणि एका बाजूला खारी म्हणतात ती, याच सीमेवरची आहे.

म्हणजे धार आणि तळं यांचा तोल नाजूक आहे. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं ते आठवत असेल. पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि क्षारात जगणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही त्याची दखल घेतली. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. पण दर्जा तळ्याला आणि त्याच्या लगतच्या परिसरापुरता आहे. धारेचं पाणी मुरतं ते काठाबाहेर, शेतांत आणि लोणार गावाखाली. तिथे बोअर किती खोल जातात, गावाचं सांडपाणी कुठे वळतं, यावर गोमुखातून काय पडेल आणि तळ्यात काय उतरेल ते ठरतं. उलट पाणी जास्त झालं, गोडं आणि घाण पाणी तळ्यात वाढलं, तर क्षारावर जगणारे ते जीवच संपतील. आपल्याला पाणी कमी होण्याची भीती कळते, जास्त होण्याची पटकन कळत नाही.

पुढच्या वेळी जाल तेव्हा अंघोळ करा, दर्शन घ्या, आणि मग कुंडाकडे पाठ करून घळीच्या कड्याकडे पाच मिनिटं बघा. थर कुठल्या बाजूला कलले आहेत ते स्वतः पाहा. चला, प्रश्न असतील तर घेऊ.