संत्र्याच्या परतीच्या गाडीतलं बोनेट

गेल्या हिवाळ्यात कोंढाळीच्या पुढे माझ्या भाच्याच्या टॅक्सीसमोर रोही आडवा आला. अल्लाहच्या कृपेने माणसं बचावली, पण बोनेट आणि पुढचं बंपर गेलं. गाडी जुनी, मॉडेल बंद झालेलं. कंपनीचा नवा माल मिळेना आणि मिळाला असता तरी परवडला नसता. फोनवर फोन करून त्याने मुंबईत कुर्ल्याच्या एका दुकानात दोन्ही वस्तू शोधून काढल्या, भाव ठरवला, पैसेही पाठवले. मग कुरिअरवाल्याला विचारलं, तेव्हा कळलं की वस्तूपेक्षा वस्तू आणण्याचं भाडं जास्त आहे.

"मामू, बंपर पाच किलोचं आणि हे लोक भाडं मागतात एक्याऐंशी किलोचं! हा कुठला तराजू?"

तराजू जुनाच आहे, फक्त त्यात वजनाऐवजी जागा तोलतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सामान्यतः ५००० ने भागायचं. बंपरचं खोकं १८० गुणिले ५० गुणिले ४५, म्हणजे ८१ किलो. बोनेट १४० गुणिले ११० गुणिले २०, म्हणजे साडेएकसष्ट किलोच्या वर, आणि प्रत्यक्षात ते एक माणूस डोक्यावर घेऊन जाईल. गाडीत जागा किती अडली, हाच प्रश्न. समुद्रावर तर हे फार आधीपासून चालत आलंय. जहाजवाले जड मालाला वजनावर आणि फुगीर मालाला मापावर भाडं लावत, ४० घनफूट म्हणजे एक टन असा त्यांचा हिशोब होता. कापसाच्या गाठी दाबून का बांधतात, हे काटोलच्या माणसाला सांगायला नको. इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले ते याच हिशोबाने. कापूस दाबता येतो. बंपर दाबलं तर मोडतं.

मोटारीच्या मोठ्या भागांची ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. आख्खी मोटार जहाजात घालून आणणं म्हणजे अर्धं भाडं हवेचं भरणं. म्हणून परदेशी कंपन्यांनी मोटारी सुट्या करून पेट्यांत भरून आणायला सुरुवात केली. मडगार्डात मडगार्ड, चाकावर चाक. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत काढला. तिकडून पेट्या यायच्या, इकडे गाडी उभी राहायची. भारतातला मोटारधंदा असा गाडी बनवण्यापासून नव्हे, पेटी उघडण्यापासून सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं की नुसती जुळणी नको, भाग इथेच बनवा. तेव्हा १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांची प्रीमिअर मात्र टिकली. १९४४ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा कारखाना कुर्ल्यात होता. म्हणजे ज्या कुर्ल्यात फियाट जन्मली, त्याच कुर्ल्यात आज जुन्या गाड्या सुट्या होऊन विकल्या जातात. सी. एस. टी. रोडवरून चालत गेलात तर दोन्ही बाजूंना दरवाजे, काचा, बंपर टांगलेले दिसतात.

जीपचीही गोष्ट अशीच. तिच्यात एक नाव आहे जे आता फारसं कुणाला आठवत नाही. १९४५ मध्ये महिंद्रा बंधूंनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली, तेव्हा त्यांचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद, आणि कंपनीचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. आद्याक्षरं तीच राहिली. याच कंपनीने मुंबईत विलीज जीपच्या पेट्या उघडून गाड्या उभ्या केल्या आणि त्या जीपच्या पिढ्यान् पिढ्या विदर्भात काळी-पिवळी म्हणून धावल्या. माझ्या अब्बांनी आयुष्यभर ज्या गाड्यांखाली पाठ घासली, त्यांच्या नावात एकेकाळी एक मोहम्मद होता, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "नाव काही असो, डिफरन्शियल तेच ना?"

तर प्रश्न असा की अब्बांच्या आणि त्यांच्या उस्तादांच्या काळात हे डिफरन्शियल, चेसिसचे तुकडे, बोनेटं काटोलला पोचत कशी होती?

आधी रेल्वेने. नागपूर-इटारसी मार्ग १९२०च्या दशकात सुरू झाला आणि काटोल दिल्ली-मद्रासच्या मोठ्या रस्त्यावर आलं. स्टेशनावर मालधक्का. पूर्ण वॅगन भरण्याइतका माल नसेल तर रेल्वे तो ‘स्मॉल्स’ म्हणून घ्यायची. चार जणांच्या चार वस्तू एका डब्यात, वाटेत डबा बदली. तऱ्हा दोन होत्या: मालकाच्या जोखमीवर पाठवलं तर भाडं कमी, रेल्वेच्या जोखमीवर पाठवलं तर जास्त. गरीब मेकॅनिक अर्थातच मालकाची जोखीम निवडायचा. अवजड लोखंडाला त्यात काही होत नसे. गिअर बॉक्स उलटा टाकला तरी गिअर बॉक्सच राहतो. पत्र्याचे आणि काचेचे हाल व्हायचे. पावती पोस्टाने यायची, माल कधी पावतीच्या आधी, कधी महिन्याने. आधी आला आणि सोडवायला उशीर झाला की डॅमरेज. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा डिस्पोजलचा माल विकायला निघाला, तेव्हा कलकत्त्याकडून जुने भाग असेच यायचे, असं उस्ताद सांगायचे. युद्धात पेट्रोलवर रेशन होतं आणि कोळशाच्या गॅसवर बस चालायच्या, हीही त्यांचीच आठवण.

मग रेल्वेने हळूहळू हात काढून घेतला. तिला पूर्ण गाडी भरून देणारे गिऱ्हाईक हवे होते, कोळसा, सिमेंट, धान्य. १९८०-९०च्या दशकांत ‘स्मॉल्स’ बंद होत गेले. काटोलवरून रोज कितीतरी मालगाड्या जातात, पण मिस्त्रीच्या कामाची एकही नाही. हा निर्णय हिशोबाने बरोबर असेलही. मला मात्र वाटतं की लहान गावाच्या पोटावर पाय देणारे निर्णय बहुतेक वेळा हिशोबाने बरोबरच असतात.

रस्त्याचा इतिहास याहून गुंतागुंतीचा. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने ट्रकला परवाना लावला, त्यामागे रेल्वेचं उत्पन्न वाचवण्याचीही चिंता होती. ट्रकने कुठल्या भागात धावायचं हे प्राधिकरण ठरवणार. आमच्याकडे त्यात आणखी एक पेच पडला. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रांताची, नंतरच्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. पांढुर्णा, छिंदवाडा सगळं एकाच राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि काल शेजारचं असलेलं पांढुर्णा परराज्य झालं. रस्ता तोच, पण मध्ये चेकपोस्ट. संपूर्ण देशात फिरण्यासाठीची नॅशनल परमिटची योजना १९७५ साली आली, तेव्हा कुठे लांबच्या ट्रकला वाट मोकळी झाली. विक्रीकराचे चेकपोस्ट मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत उभेच होते.

आणि गावाच्या तोंडाशी जकात नाका. जकात हा शब्द आमच्या घरात दोन अर्थांनी यायचा. रमजानात अम्मी हिशोब करून काढायची ती जकात, जुन्या बोनेटवर नाक्यावर द्यायची तीही जकात. अरबीतून आलेला एकच शब्द, एक गरिबाला देण्याचा, एक गरिबाकडून घेण्याचा. कबाडात निघालेल्या वस्तूची किंमत ठरवायची कुणी? नाक्यावरचा कारकून म्हणेल ती. मिस्त्री म्हणायचा भंगार आहे, कारकून म्हणायचा स्पेअर पार्ट आहे, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली. हमाल, दलाल, मुकादम, माल हे सगळेच शब्द अरबीतून आलेले. बारदान फारसी. मिस्त्री मात्र पोर्तुगीज! मालाबरोबर शब्दही असेच पार्ट लोडने आलेले दिसतात.

या सगळ्यातून काटोलच्या मेकॅनिकांनी जो मार्ग काढला तो कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही. तो संत्र्यात आहे.

अंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर निघतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. त्या दिवसांत काटोलमधून ट्रकमागून ट्रक भरून मुंबई, दिल्ली, दक्षिणेकडे जातात. माल उतरला की गाडीवाल्याला घाई असते परत येण्याची, कारण इथे पुढची खेप तयार असते. रिकामी गाडी आणली तरी डिझेल लागतंच. मग परतीत जे मिळेल ते तो घेतो, आणि जे मिळेल त्या भाड्यात घेतो. दोन्ही दिशांना सारखा माल असेल असा रस्ता जगात क्वचितच. चीनहून युरोप-अमेरिकेला माल नेणारे कंटेनर परतताना कितीतरी वर्षं रद्दी आणि भंगार घेऊन जात, कारण रिकामं नेण्यापेक्षा तेही बरं. काटोलच्या परतीच्या गाडीला वजनाचीही फिकीर नसते आणि मापाचीही. पाच किलोचं बंपर ऐंशी किलोची जागा अडवत असेल तर अडवो, जागा नाहीतरी हवाच वाहून आणणार होती.

मी आठवी-नववीत असेन. एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची जीप अब्बांकडे दुरुस्तीला होती, बोनेट मुंबईहून यायचं होतं. अब्बा ट्रान्सपोर्टच्या भाड्याचा हिशोब मांडत बसलेले. व्यापारी म्हणाला, "मिस्तरी, कायले इतका खर्च करतं बावा? गाडी खालीच तं येते आपली, टाकून देतो नं त्यात." चौथ्या दिवशी बोनेट आलं. तणसात गुंडाळलेलं, ज्या तणसात संत्र्याच्या पेट्या भरतात त्याच तणसात. त्याला किती दिवस संत्र्याचा वास होता! त्यानंतर अब्बांनी पत्र्याची मोठी कामं बहारावर बांधली. गिऱ्हाइकाला सांगायचे, "घाई नसेल तर अंबिया निघू द्या, निम्म्यात होईल." घाई असेल तर एसटीचा टप होता. गिअर लिव्हर, सायलेन्सर, लहान रेडिएटर पार्सल म्हणून वर बांधून यायचे. पण बोनेट कंडक्टर घेत नसे, वाऱ्याने उचललं तर?

हा मार्ग सुरक्षित होता असं मी म्हणणार नाही. बिल्टी नाही, पावती नाही, सगळं जबानीवर. एकदा समोरची काच आली ती सोळा तुकड्यांत. ड्रायव्हर म्हणाला, मला दिली तेव्हाच तशी होती. भांडण करायचं कुणाशी? व्यापारी आमचा, ड्रायव्हर त्याचा. अब्बांनी काचेचे पैसे स्वतः भरले आणि गिऱ्हाइकाला कळू दिलं नाही. बिल्टी असती तरी फार काही झालं असतं असं नाही, हे मला पुढे कळलं. माल वाहून नेणाऱ्यांची जबाबदारी सांगणारा कायदा तेव्हा १८६५ सालचा होता. त्यात मौल्यवान आणि नाजूक वस्तूंची यादी होती: सोनं, चांदी, घड्याळं, शाली, आणि काच. यादीतली वस्तू शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची असेल आणि पाठवताना तसं सांगितलं नसेल, तर हरवली-फुटल्यास वाहतूकदार जबाबदार नाही. बैलगाडी-घोडागाडीच्या काळातला नियम मोटारीच्या काचेला लागू. २००७ चा नवा कायदा आणि २०११ चे नियम आले. आता किंमत जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. म्हणजे तीनशे रुपयांत पाठवलेल्या काचेचे जास्तीत जास्त तीन हजार. बिल्टीवर किंमत लिहा, हे मी भाच्याला दहा वेळा बजावलं ते यासाठी. ‘जुने स्पेअर पार्ट’ एवढंच लिहून सोडू नका. फोटो काढा, दुकानदारालाही काढायला सांगा.

त्याच्यासमोर पर्याय तीन होते. कुरिअरचा घरपोच, तो बाद. ट्रान्सपोर्टचा पार्ट लोड, गोदाम ते गोदाम: मुंबईत दुकानदार गोदामात पोचवेल, नागपूरजवळ वाडीला माल उतरेल, तिथून आपण आणायचा. मुंबई-कलकत्ता आणि बनारस-कन्याकुमारी हे जुने सहा आणि सात नंबरचे महामार्ग नागपुरात भेटतात, म्हणून वाडीत ट्रान्सपोर्टची एवढी गोदामं आहेत. दारापर्यंतचा शेवटचा टप्पा सोडला की भाडं धाडकन उतरतं, कारण मोठा ट्रक स्वस्त आणि गल्लीत येणारी छोटी गाडी महाग. तिसरा एसटीचा. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी नव्हते तेव्हा महामंडळाने बसगाड्यांचे मालट्रक करून ‘महाकार्गो’ सुरू केलं. त्याची चौकशी केली, पण त्यांना हवी होती पूर्ण गाडी. एका बोनेटसाठी आख्खी एसटी!

मी म्हटलं, थांब, महिना कोणता आहे? डिसेंबर. अंबिया अजून निघत होता. ज्या व्यापाऱ्याने अब्बांचं बोनेट आणलं होतं, त्याचा मुलगा आता धंदा बघतो. मी फोन केला. तो म्हणाला, "काका, आता गाड्या आमच्या नाहीत, मोबाइलवरून लागतात. ड्रायव्हर कोण असेल ते मलाच संध्याकाळी कळतं. अन् परतीचा माल तो स्वतःच मोबाइलवर शोधतो." पण म्हणाला, विचारतो. रात्री एका ड्रायव्हरचा नंबर आला. राजस्थानचा माणूस, वाशीला संत्री उतरवून परत निघणार होता. परतीचा माल त्याला नागपूरपर्यंत मिळालेला होता, बोनेट-बंपरची जागा वर शिल्लक होती. भाच्याने कुर्ल्याच्या दुकानदाराला वाशीपर्यंत टेम्पोने पाठवायला लावलं. यावेळी बिल्टीही केली, किंमत लिहून.

बंपर वाडीला धर्मकाट्यापाशी उतरलं, बोनेट पण. भाच्याने टॅक्सीसाठी उधार घेतलेल्या गाडीच्या टपावर दोन्ही बांधली आणि काटोल रोडने हळूहळू आला. तणीस नव्हतं, जुन्या गोण्या आणि बुडबुड्यांचं प्लास्टिक होतं. बोनेटच्या एका कोपऱ्यावर पोचा आला होता, अंगठ्याएवढा. अब्बांनी चष्मा लावून तो पाहिला, हातोडी मागितली.